जर्मनीत सहा महिने: सामानासह फ्लॅट की रिकामा?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधून कंपनीच्या कामाला जर्मनीत जायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. रिकाम्या फ्लॅटचं भाडं कमी दिसतं. पण आपल्याकडे गंगापूर रोडवरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये निदान ओटा आणि सिंक असतं. तिकडे बऱ्याचदा तेही नसतं, छताला नुसत्या वायरी. सहा महिन्यांसाठी किचन विकत घ्यायचं आणि निघताना गिऱ्हाईक शोधत बसायचं, सांगितलंय कुणी? शिवाय विजेचा, इंटरनेटचा करार आपल्याच नावावर.

सामानासह घर महाग, पण बॅग टेकवली की चहा टाकता येतो. मात्र दोन गोष्टी आधीच विचारा. भाड्यात हीटिंग धरलंय का? आणि पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालक लेखी पत्र देणार का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, आणि ते पत्र सगळेच देत नाहीत.

डिपॉझिट दोन्हीकडे, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग वगैरे खर्च सोडून).

कुकर इथल्या भांडी बाजारातूनच घ्या, पण इंडक्शनवर चालणारा. तिथली शेगडी इंडक्शनची असेल, तर साधा ॲल्युमिनियमचा तापणारच नाही.

दोन-तीन वर्षं सहकुटुंब जाणार असाल, तरच रिकामा फ्लॅट परवडतो.