पलटी स्टँड: अकरा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत थिकनेसर (फळी रंधून सारख्या जाडीची करणारं मशीन) आणि मायटर सॉ (पट्ट्या आडव्या किंवा कोनात कापणारी करवत) या दोघांसाठी मिळून एकच, चाकांवरचा पलटी स्टँड बनवला. आता अकरा महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळाही गेला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर नुसतं कौतुक करून मोकळा झालो असतो.

जागा दहा बाय चौदा फूट, तळमजल्यावरची, खाली जुनी शहाबादी फरशी. कामाचं टेबल भिंतीला लागून, त्यामुळे बाकी सगळं मधे ओढायचं आणि काम झालं की परत कोपऱ्यात सारायचं. पलटी स्टँड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दोन बाजूंच्या मधे एक जाड फळी, तिच्यातून आरपार २० मिमीची लोखंडी सळई. फळीच्या एका अंगाला थिकनेसर, दुसऱ्या अंगाला सॉ. अडसर काढून फळी फिरवली की खालचं मशीन वर आणि वरचं खाली उलटं लटकतं. बघायला झकास. आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी फिरवून बघतो.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो चाकांनी. हिशेब सोपा होता: थिकनेसर ३६ किलो, सॉ १५, प्लायचा सांगाडा ४५ च्या आसपास, म्हणजे शंभराला टेकलं. वजनाला चाराने भागायचं नसतं, तिनाने भागायचं, कारण फरशी उंचसखल असली की एक चाक अधांतरीच राहतं. म्हणजे चाकामागे ३३ किलो. मी ५० किलोची चाकं आणली आणि खूश झालो. पण ती होती दोन इंची. शहाबादीच्या सांध्यात अशी अडकायची की स्टँड जागेवर आणि वरचं मशीन पुढे झुकलेलं. महिन्याभरात चार इंची चाकं बसवली. ती मस्त पळाली, पण स्टँड सव्वादोन इंचांनी उंच झाला! सॉचा पाट टेबलाच्या उंचीला अगदी सुतासुताने जुळवला होता, लांब पट्टी टेबलावर टेकवून कापता यावी म्हणून. ते सगळं गेलं. स्टँड आडवा पाडून दोन्ही बाजू खालून कापाव्या लागल्या. तेव्हा चाकं आधी घरी आणा, मापं नंतर काढा.

ब्रेकचीही गंमत आहे. नेहमीच्या ब्रेकने चाक गोल फिरायचं थांबतं, पण त्याची मान, म्हणजे ज्यावर चाक दिशा बदलतं तो भाग, मोकळीच राहते. रंधायची फळी जोर लावून थिकनेसरमध्ये सारली की चारही ब्रेक लागलेले असताना स्टँड इंचभर डुलतो. शेजारच्या गल्लीतले मिस्त्री एकदा आले होते. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, फळी मशीनमध्ये जायची का मशीन फळीमागं?" चाक आणि मान दोन्ही पकडणारे ब्रेकही मिळतात, पण मी वेगळं केलं. चाकं स्टँडला न लावता बिजागरीवरच्या दोन फळ्यांना लावली. फळी पायाने दाबली की स्टँड उचलला जातो आणि एक लाकडी ठेपा मधे पडतो. ठेप्याला लाथ मारली की स्टँड धप्पकन स्वतःच्या पायांवर बसतो. पायांना दहा मिमीचे बोल्ट टी-नटमध्ये (लाकडात ठोकून बसवायचा नट) घातलेत, फरशीप्रमाणे वरखाली करायला. सहा महिने झाले, हलायचं नाव नाही. संपूर्ण स्टँडमध्ये मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच.

पलटीबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला फळी अडकवायला दाराच्या कड्या लावल्या होत्या. त्यात दीड-दोन मिलिमीटरची ढिलाई राहायची आणि मशीन चालू झालं की खडखडाट. मग आरपार बोल्ट घालून मुठीने आवळायची सोय केली, तो प्रश्न मिटला. पण दोन मशीनच्या वजनात २१ किलोंचा फरक आहे, त्याचं काय? थिकनेसर मध्यावरून पुढे गेला की फळी हिसका देऊन खाली जाते. एकदा अंगठा थोडक्यात वाचला. शिवाय प्रत्येक वेळी सॉचं डोकं खाली अडकवा, वायर गुंडाळा, आणि मशीन उलटं झालं की आत साठलेला भुसा पायावर घ्या. स्टँडच्या बाजूला खडूने रेघा मारत होतो: पहिल्या महिन्यात १९ वेळा पलटी, गेल्या महिन्यात दोनदा.

पावसाळ्याचं थोडक्यात: पैसे वाचवायला आयएस ३०३ चा साधा प्लाय घेतला होता, खालच्या कडा ओल धरून फुगल्या. निदान खालचा भाग तरी आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यावा, आणि कापलेल्या कडांना फेविकॉलचा हात मारून वर वॉर्निश द्यावं. थिकनेसरच्या पाटावर भुसा तसाच राहिला की दोन दिवसांत त्याखाली गंज धरतो. पुसून मेणबत्ती घासून ठेवतो, फळीही सुळकन सरकते. वायरिंगबद्दल एकच सांगतो: थिकनेसर १८०० वॅटचा, म्हणजे आठेक अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरच्या बोर्डावर लावू नका. स्टँडवरच १६ अँपिअरचा बोर्ड आणि अडीच एमएमची वायर घेतली आहे.

खर्च पहिल्यांदा सातेक हजार, दुरुस्त्यांना आणखी अडीच. नवा माणूस विचारेल तर सांगेन, पलटीच्या नादाला न लागता बिजागरीच्या चाकांचे दोन साधे स्टँड करा. जागा थोडी जास्त जाईल. मीही सॉ काढून वेगळ्या स्टँडवर नेतोय. प्लाय अजून आणलेला नाही, पण चाकं आणून टेबलाखाली ठेवली आहेत. काल त्यांची उंची मोजली: पाच इंच आणि एक सूत.