राजारामपुरीतल्या पक्षांतरबंदी नोट्स: घ्या, पण पान २२ खोडून

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानांत ८० रुपयांना मिळणाऱ्या, स्पायरल बायंडिंगच्या या ४८ पानी नोट्स एमपीएससीवाल्यांसाठी आहेत. ५ पैकी ३ तारे, आणि तिन्ही दहाव्या परिशिष्टाच्या, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदी कायद्याच्या, दुसऱ्या परिच्छेदावरच्या पानांसाठी.

परिशिष्टाचा जीव त्याच परिच्छेदात आहे आणि तो इथे नेमका उतरलाय. सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे राजीनामाच हवा असं नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येतं, हा १९९४ च्या रवी नाईक निकालातला मुद्दा ठळक दिलाय. व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तरी पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर आमदारकी वाचते. अपक्षाला निवडून आल्यावर कुठल्याच पक्षात जाता येत नाही. नामनिर्देशित सदस्याला मात्र जागा घेतल्यापासून ६ महिने मुभा. सगळं एका तक्त्यात.

घोळ पान २२ वर. ‘एक तृतीयांश फुटले तर संरक्षण’ असं अजून छापलंय. ती तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनेच गेली. पुढचं ‘दोन तृतीयांश फुटले की वाचले’ हेही अर्धवट. चौथा परिच्छेद फुटीचा नाहीच, पक्षाच्या दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाचा आहे. दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते ती त्याला. २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ३७ हा आकडा टपरीवरही पाठ होता, पण विलीनीकरण झालंच नाही. वाद गेला खरा पक्ष कोणाचा यावर. व्हिप काढणारा प्रतोद विधिमंडळ पक्ष (निवडून आलेल्या आमदारांचा गट) नव्हे, राजकीय पक्ष नेमतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं. नोट्समध्ये त्याला जेमतेम एक ओळ.

कोल्हापुरात विकायच्या नोट्समध्ये महापालिकेचा उल्लेखही नसावा, हे अजबच. नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागू नाही. त्यांच्यासाठी १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. त्यात पक्षाबरोबर आघाडीही येते, आणि या शहराचं राजकारण आघाड्यांवर चालत आलंय. नगरसेवकाविरुद्धचा अर्ज महापौरांकडे नव्हे, पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जातो. झेडपी सदस्याविरुद्धचा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

घेतल्याच तर आणखी एक दुरुस्ती पेनने करा. सभागृहाच्या अध्यक्षांच्या अपात्रतेबाबतच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येतं हे ठरवणाऱ्या किहोटो होलोहान निकालाचं साल १९९३ छापलंय. निकाल फेब्रुवारी १९९२ चा. एआयआर या निकालसंग्रहाच्या १९९३ च्या खंडात आल्याने ही गल्लत होते.