डलुथचं जहाज-संग्रहालय: बाबांना घेऊन जावं असं

मिनिआपोलिसहून अडीच तास गाडी चालवून बाबांना डलुथला (अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं बंदर) नेलं. मुंबईच्या गोदीत त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे लेक सुपीरियर या प्रचंड सरोवराच्या काठी, जहाजांच्या कालव्याशेजारचं हे सागरी संग्रहालय त्यांना दाखवायचंच होतं. प्रवेश फुकट.

1871 साली वाळूचा दांडा फोडून हा कालवा काढला आणि गावाचं नशीब पालटलं. पुढे मिनेसोटातल्याच मेसाबी डोंगररांगेतलं लोहखनिज इथूनच पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागलं. 1959 मध्ये या सरोवरांना अटलांटिकशी जोडणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला नि समुद्री जहाजंही थेट इथवर यायला लागली. आत हे सगळं नीट मांडलंय. पण बाबा रमले ते सुकाणूघराच्या हुबेहूब प्रतिकृतीत. चाकावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. आम्ही धावलोच! कालव्यावरच्या 1905 च्या पुलाचा मधला भाग सरळ वर उचलला गेला (ही उचलायची सोय 1930 ची) आणि हजार फुटी जहाज इतक्या जवळून सरकलं की डेकवरच्या खलाशाने हात केला, तो बाबांनाच. पुलानेही भोंग्याने उत्तर दिलं. बाबांचे डोळे भरून आले.

एका खासगी पार्किंगच्या यंत्राने आमचे दोनदा पैसे कापले, तेवढी पावती जपून ठेवा. जहाजांच्या वेळा आधी बघूनच निघा, आणि उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर न्या.