जुना पीसी: नवा बोर्ड आणि विंडोज ११, की एसएसडी आणि लिनक्स मिंट?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या पीसीचं काय करायचं हा प्रश्न आता टाळता येत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चौथ्या पिढीचा आय-५ असेल तर नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, वेगळं, म्हणून मदरबोर्ड नवा. जुनी डीडीआर३ रॅम त्यात बसत नाही, म्हणून तीही नवी. शिवाय पीसीसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. म्हणजे शेवटी उरतो तो फक्त डबा.

दुसऱ्या वाटेत जुनी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) लावायची, रॅम ८ जीबी करायची आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. खरा फरक एसएसडीनेच पडतो. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर हेड सरकून डेटा शोधावा लागतो, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. ब्राउझर उघडताना तो फरक डोळ्यांना दिसतो. मिंट तर ४ जीबीवरही नीट चालतं.

टॅली किंवा फोटोशॉपवर काम अवलंबून असेल तर मात्र पहिलाच पर्याय, म्हणजे नवा बोर्ड आणि विंडोज ११, घ्या; ती मिंटवर थेट चालत नाहीत. ब्राउझिंग, पत्रं, व्हिडिओ एवढंच असेल तर मी बेधडक मिंट सुचवेन. आधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा, आणि इन्स्टॉल करण्यापूर्वी फोटोंचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्याच.