‘ययाति’चा वाचनवर्ग, सांगली: शेवटच्या सत्रासाठी तरी जा

खांडेकर सांगलीचेच, त्यामुळे त्यांची ‘ययाति’ (१९५९) ही कादंबरी इथं पुष्कळांनी वाचलेली असते. अडतं ते शेवटापाशी. गावभागातल्या या चार रविवारांच्या वर्गात तोच नीट उलगडतो. पद्धत साधी: आधी महाभारताच्या आदिपर्वातली कथा, मग कादंबरी, वहीत दोन रकाने. महाभारतात ययाति आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो, मग म्हणतो, ‘न जातु कामः’, म्हणजे भोगून वासना कधी शमत नाही. कादंबरीत एवढा काळ जातच नाही. त्यामुळे उपभोगाचा कंटाळा हे कारण गळतं आणि बापाची लाज उरते. आदिपर्वातला कच, देवयानीचं ज्याच्यावर आधी प्रेम असतं तो, संजीवनी विद्या घेऊन परततो. खांडेकर त्याला शेवटपर्यंत सोडत नाहीत, ययातीसमोर आरसाच.

वाचक चुकतात कुठं? ययाति, त्याची राणी देवयानी, तिची दासी झालेली शर्मिष्ठा, तिघंही ‘मी’ म्हणून बोलतात. एकाचं म्हणणं लेखकाचं मत धरलं की देवयानी नुसती खाष्ट ठरते. म्हणून समासात लिहायचं: कोण बोलतंय, कुणाबद्दल, काय लपवतंय.

ययाति देवयानीला विहिरीतून वर काढतो, त्या विहिरीचं प्रतीक मात्र वर्गात फारच ताणलंय. त्यानं तिचा उजवा हात धरला म्हणजे पाणिग्रहण, लग्नच झालं, एवढं पुरे होतं. झेरॉक्सची अक्षरं बारीक आहेत, स्वतःची प्रत न्या.