बाल्कनीत पहिल्यांदा झाडं लावताय? मातीची कुंडी, प्लास्टिकची की ग्रो बॅग

परवा मामेबहिणीचा फोन आला, ठाण्याला नवीन फ्लॅट घेतलाय, बाल्कनी चार बाय आठची, मिरची टोमॅटो कोथिंबीर लावायचीय तर कुंड्या कुठल्या आणू? मी तिला उलट विचारलं, पाणी कोण घालणार आणि कधी? माझ्या मते सगळं तिथेच ठरतं, कुंडी दिसते कशी हे नंतर.

मला स्वतःला मातीची कुंडी सगळ्यात आवडते. माठासारखंच तिच्या अंगातून पाणी झिरपून सुकत राहतं, मुळं गार राहतात आणि पाणी जरा जास्त झालं तरी झाड सहसा सडत नाही. बोटाने वाजवून बघा, कोरडी असेल तर टणटण वाजते, ओली असेल तर बद्द आवाज येतो, नवशिक्याला याहून सोपी खूण नाही. पण हाच गुण मे महिन्यात महागात पडतो. माझी बाल्कनी पुण्यात, पश्चिमेची, दुपारी दोननंतर थेट ऊन. आठ इंची कुंडीतल्या मिरचीला सकाळी सातला भरपूर पाणी घालून ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी येऊन बघते तर पानं लोंबलेली, फुलं खाली गळून पडलेली, असं रोज व्हायला लागल्यावर खूप वाईट वाटायचं. दोन वेळा पाणी घालायला घरात कोणी असेल तरच उन्हाच्या बाल्कनीत मातीची कुंडी घ्या. बाहेरून पांढरे डाग पडतात ते क्षार असतात, घाबरू नका.

प्लास्टिकचं बरोब्बर उलटं. हलकी, स्वस्त, ओल धरून ठेवते, म्हणून दिवसभर बाहेर असणाऱ्यांना सोयीची. पण पावसाळ्यात तीच ओल नडते, माझी तुळस जुलैमध्ये गेली, उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी, तळाची भोकं मातीने बुजली होती. म्हणून घेतानाच कुंडी उलटी करून भोकं बघा, कमी असतील तर तापवलेल्या सळईने अजून पाडा आणि माती भरायच्या आधी भोकांवर खापरीचे तुकडे ठेवा. काळा रंग टाळा, उन्हात फार तापतो. अगदी पातळ प्लास्टिक घेऊ नका, माझ्या एका कुंडीचा काठ दुसऱ्याच वर्षी उचलताना तुटून हातात आला.

ग्रो बॅग म्हणजे माती भरून झाड लावायची पिशवी, तिच्यात दोन प्रकार. हिरवी प्लास्टिकची विणलेली बॅग पाण्याच्या बाबतीत प्लास्टिकच्या कुंडीसारखीच. जाड कापडाची बॅग चारी बाजूंनी श्वास घेते, मुळं कडेला पोचली की टोकं हवेने सुकतात आणि आतून नवीन फुटतात, कुंडीसारखी गोल गोल वेटोळी होत नाहीत, पण ती लवकर सुकते. सीझन संपला की रिकामी करून घडी घालून ठेवता येते, लहान जागेत हे फार मोठं सुख आहे. फक्त ओढत नेऊ नका, तळ फाटतो, आणि खाली विटा ठेवा नाहीतर फरशीवर डाग पडतात.

वजनाचा विचार मात्र आधी करा. बारा बाय बारा इंचाच्या बॅगेत साधारण वीस लिटर माती बसते, नुसती लाल माती भरून पाणी घातलं की तीस किलोच्या आसपास जाते, अशा चार बॅगा म्हणजे बाल्कनीच्या एका कोपऱ्यात दीड-दोन माणसं कायम उभी. म्हणून मी लाल माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) आणि गांडूळखत सारख्या भागाने घेते. नुसत्या कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळपास काही नसतं, खत हवंच. काळी माती नको, वाळली की तडे जातात आणि भिजली की चिखल.

बहिणीला मी सांगितलं, टोमॅटो-मिरचीला बारा इंची हिरव्या ग्रो बॅगा घे, पण रोज सहा तास तरी ऊन येत असेल तरच, नाहीतर पालेभाजीवर थांब. कोथिंबीर-मेथीला सहा इंच खोलीचा प्लास्टिकचा ट्रे पुरतो. तुळस तेवढी मातीच्या कुंडीत. कठड्यावर बाहेरच्या बाजूला काहीही लटकवू नकोस, खाली मुलं खेळतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या, नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. आणि धणे अख्खे पेरू नकोस, लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी कर आणि मग पेर.