जुनी स्कॉर्पिओ की जुनी डस्टर? आधी दुरुस्तीचा हिशेब

दोन्ही डिझेल, दोन्ही २०१५ च्या आसपासच्या. डस्टरच्या १.५ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा. तो बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, आणि बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंपाचे पैसे सौद्यातून आधीच वजा करा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं. स्वस्तात मिळालेली गाडी तिथेच महागात पडते!

स्कॉर्पिओच्या २.२ लिटर एमहॉक इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून हा घोर कमी. तिचं दुखणं खाली असतं. चेसिसचा गंज, सस्पेन्शनचे बुश, मागच्या डिफरन्शिअलची (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याची) ऑइलगळती वाकून बघाच. गाडी कोकणातली असेल तर टॉर्च घेऊन.

टर्बो, इंजेक्टर, क्लच हे मोठे खर्च दोन्हींत सारखेच. म्हणून सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचे दोष लपवायला गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी न कळवता जा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच उघडा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, सरळ निघून या.

हायवेवर डस्टर फार छान चालते, हे मान्य. पण बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर, २०२० मध्ये, डिझेल डस्टर बंद झाली. स्कॉर्पिओचा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. शहराबाहेर राहत असाल तर मी स्कॉर्पिओच घ्या म्हणेन.